‘मनात काही नसतं गं त्यांच्या’ : वर्णभेदाचा विषय निघाला की आपण काय बोलतो?

अबोली_गोरेगाव

गेले दहा दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. घरात बोलून झालं, आता इथे लिहिते.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. माझ्यासोबत एक टेक्निशियन आहे, मिझोरामची. ऐझॉलहून मुंबईत येऊन तिला सहा वर्षं झाली. आधी वाकोल्याला दोन मैत्रिणींबरोबर राहायची. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत एक वन आरके रिकामा झाला, तो मी तिला मिळवून दिला. तिचं नाव लिहीत नाही.

संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू होतं. तिला आग्रहाने बोलावलं, माझी काळी चंद्रकळा तिला नेसवली. खूप छान दिसत होती. तिळगूळ देताना आमच्या सोसायटीतल्या एक काकू हसत हसत तिला म्हणाल्या, "काय गं, खालचा भुऱ्या दोन दिवस दिसत नाहीये. तू तर नाही ना शिजवलास?" भुऱ्या म्हणजे आमच्या बिल्डिंगखालचा कुत्रा. हॉलमध्ये बारा-तेरा बायका होत्या. सगळ्या हसल्या. मीही हसले. हे लिहिताना हात जड होतोय, पण हसले हे खरं आहे. तिला आता मराठी चांगलं समजतं.

सगळ्या गेल्यावर ती मला हळूच म्हणाली, "दीदी, मुझे अच्छा नहीं लगा." त्यावर मी काय काय बोलले ते जसंच्या तसं लिहिते. आधी म्हणाले, "अगं, मनात काही नसतं गं त्यांच्या. स्वभावच तसा आहे. माझ्या सासूबाई आयसीयूत होत्या तेव्हा पंधरा दिवस डबा त्यांनीच दिला." मग म्हणाले, "मलाही शाळेत काळी काळी म्हणून चिडवायचे, मी नाही मनाला लावून घेतलं." आणि शेवटी, माझ्या घरात, माझ्या कार्यक्रमात हे झालं या विचाराने मलाच रडू आलं. तिने माझा हात धरला. म्हणाली, "कोई बात नहीं दीदी, आप टेंशन मत लो."

दार लावून आत आले आणि भांडी आवरताना लक्षात आलं. लागलं होतं तिला, आणि समजूत काढली होती तिने माझी.

त्या पाच मिनिटांत मी काकूंची बाजू मांडली, माझं लहानपण मध्ये आणलं आणि शेवटी रडले. तिला एक प्रश्न विचारला नाही. असं आधी झालंय का, कुठे होतं, तू तेव्हा काय करतेस, काहीच नाही. एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये, सांताक्रूझ पूर्वेला एका मणिपुरी मुलीच्या अंगावर दुचाकीवरचा माणूस थुंकून गेला होता. बातम्यांत खूप आलं, पुढे त्याला अटकही झाली. तेव्हा मी तावातावाने स्टेटस टाकलं होतं. ही माझी मैत्रीण तेव्हा त्याच भागात राहत होती. ते दिवस तिने कसे काढले हे मी तिला आजवर विचारलेलं नाही.

तोंडावर शिवी देणारा माणूस मला ओळखता येतो. मला प्रश्न माझ्यासारख्यांचा पडलाय, ज्यांना असं काही करायचं नसतं, कुणी सांगितलं की वाईटही वाटतं, आणि तरीही सांगणाऱ्याला आपण आणखी एकटं पाडतो. तुमचे अनुभव लिहा. दोन्ही बाजूंचे.

मोगरा

अबोली, तू स्वतःला फार दोष देत्येस. तू तिला घर मिळवून दिलंस, घरच्या कार्यक्रमात मानाने बोलावलंस, हे किती जण करतात? काकूंच्या पिढीला या गोष्टी कळत नाहीत. माझी आईही कुणालाही काहीही बोलून जाते आणि त्याच माणसासाठी रात्री जागते. मला वाटतं माणसाचा हेतू बघावा. प्रत्येक वाक्य असं तपासायला लागलो तर माणसं एकमेकांशी बोलायलाच घाबरतील.

अबोली_गोरेगाव

मोगरा, तू प्रेमाने लिहिलंयस ते कळतंय. पण हेच मी तिला बोलले होते, जवळजवळ याच शब्दांत. हेतू काकूंच्या मनात राहिला. वाक्य तिच्या वाट्याला आलं, बारा जणींच्या समोर.

सातरस्ता

विषय चांगला आहे, पण एक विचारतो. मराठी माणसाला मुंबईत जे सोसावं लागतं त्याला काय म्हणायचं? मासे खाता म्हणून घर नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना ऑफिससाठी जागा बघायला गेल्यावर "महाराष्ट्रीयन अलाउड नाही" असं तोंडावर सांगितलं गेलं. त्यावर कुणी असे धागे काढत नाही. आधी आपलं बघू, मग जगाचं.

अबोली_गोरेगाव

सातरस्ता, मुलुंडचं प्रकरण झालं तेव्हा मीही चिडले होते. त्या वेळी माझ्या ऑफिसातले एक सद्गृहस्थ म्हणाले, "सोसायटीचा नियम असेल, त्यात मराठीद्वेष कशाला शोधायचा?" तुम्हाला असं कुणी म्हणालं होतं का? तेव्हा कसं वाटलं?

सातरस्ता

म्हणाले होते. माझ्याच पार्टनरने म्हटलं होतं. त्या दिवसापासून त्याच्याशी कामापुरतंच बोलतो.

मीरारोड_एजंट

ताई, मी दहिसर ते विरार पट्ट्यात १४ वर्षं भाड्याच्या घरांचं काम करतो. या विषयावर बोलायला माझ्याकडे पुष्कळ आहे, त्यामुळे लांबेल.

फोनवर मालकाचा पहिला प्रश्न, "पार्टी कोण आहे?" धंद्यात पार्टी म्हणजे भाडेकरू. पार्टी आफ्रिकेतली म्हटली की पुढचं बोलणंच होत नाही. मणिपूर, नागालँड म्हटलं की "नेपाळी का? नाही? मग परदेशी का?" असं विचारतात. मालक सरळ नाही म्हणाला तर निदान मला पुढे जाता येतं. अडकतं ते भल्या माणसांपाशी.

दोन वर्षांपूर्वी युगांडाचा एक विद्यार्थी होता. व्हिसा, कॉलेजचं पत्र, सगळे कागद व्यवस्थित. मालक तयार झाला. परदेशी माणूस घरात ठेवला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवणारा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, तोही मी भरून देतो म्हटलं. मग चेअरमनना भेटलो. निवृत्त शिक्षक, फार सज्जन माणूस. पाणी दिलं, चहा दिला, म्हणाले, "माझं काही म्हणणं नाही हो. माणूस माणूस सारखाच. पण बाकीच्या मेंबरांना चालणार नाही." मी बाकीच्या मेंबरांकडे गेलो. एकेकाच्या घरी जाऊन सात जणांना भेटलो. सातही जण हेच म्हणाले, मला चालेल, पण बाकीच्यांचं काय. त्यातल्या एकानेही दुसऱ्याला विचारलेलं नव्हतं. त्या मुलाला ते घर मिळालं नाही.

आता माझं सांगतो. मी त्याला खरं सांगायचो नाही. "घर गेलं", "मालकाचा भाऊ येतोय राहायला", असं काहीतरी सांगायचो. माझ्या मते त्याला दुखवायचं नाही म्हणून. चौथ्या घरानंतर तो मला म्हणाला, "मला माहीत आहे का नाही म्हणतात ते. पण तू खोटं बोललास की मला कुणावर रागावताही येत नाही." माझ्या दहावी नापास डोक्यात ते वाक्य अजून आहे. त्याचा रागसुद्धा मी त्याच्याकडून काढून घेतला होता, त्याचं भलं करतोय असं समजून.

आता मी पार्टीला खरं कारण सांगतो. मालकालाही सांगतो की मी तिला खरं सांगणार आहे. दोनदा असं झालंय की हे ऐकून मालक थांबला आणि "बरं, एकदा भेटू तरी" म्हणाला. बाकी वेळा धंदा गेला.

राजापुरी

मी मुरूडचा. आमच्याकडे जंजिऱ्यावर सिद्द्यांचं राज्य १९४८ पर्यंत होतं, त्या मुलखाला हबसाणच म्हणायचे. हबशी म्हणजे हबशातला, अॅबिसिनियातला, म्हणजे आजच्या इथिओपियातला, इतकाच मूळ अर्थ. खडकी, म्हणजे नंतरचं औरंगाबाद, १६१० मध्ये वसवणारा मलिक अंबर गुलाम म्हणून विकला गेलेला हबशीच होता. एवढा इतिहास अंगणात असताना शाळेत आम्ही सर्वांत काळ्या मुलाला "ए हबशी" म्हणायचो, आणि गुरुजीही हसायचे. तो मुलगा आता माझा व्याही आहे. लग्नाच्या बोलणीत त्याने ती आठवण काढली. मी म्हटलं, अरे लहान होतो आपण. तो म्हणाला, तू लहान होतास, मी नव्हतो.

हडसनकाठ

मूळ गिरगाव, गेली २४ वर्षं न्यू जर्सी. दोन्ही बाजू लिहा म्हणालात म्हणून लिहितो. मी दोन्हीकडे उभा राहिलोय.

मी इथे आलो तेव्हा जर्सी सिटीतले जुने भारतीय १९८७ सालाबद्दल दबक्या आवाजात बोलायचे. कपाळावरच्या टिकलीवरून स्वतःला ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणारी टोळी तेव्हा भारतीयांना मारत होती. होबोकनमध्ये एका भारतीय तरुणाचा मारहाणीत जीव गेला. आमच्या ओळखीच्या एक मावशी त्या काळात टिकली पर्समध्ये ठेवून बाहेर पडायच्या. त्या सांगायच्या, शेजारी चांगले होते, विचारपूस करायचे, आणि म्हणायचे, "थोडे दिवस साडी नेसून बाहेर पडू नका, तेवढंच सुरक्षित." मावशींना मारणाऱ्यांपेक्षा हा सल्ला जास्त लागला होता.

आता दुसरी बाजू. २५ मे २०२० ला मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड गेला. पोलिसाचा गुडघा ९ मिनिटं २९ सेकंद त्याच्या मानेवर होता. दुसऱ्या दिवशी माझ्या टीममधला एक कृष्णवर्णीय सहकारी व्हिडिओ कॉलवर गप्प बसून होता. मी त्याला वेगळा फोन केला, मनापासून केला. आणि माझ्या तोंडून निघालं, "पण पोलिसांना बोलावलं कशासाठी होतं?" वीस डॉलरच्या खोट्या नोटेच्या संशयावरून बोलावलं होतं. मला ते माहीतही होतं, तरी विचारलं. तो म्हणाला, "आपण नंतर बोलू." नंतर कधीच बोललो नाही.

माझ्या मनात होतं की मी इथे बाहेरून आलेला, गुलामगिरीशी माझा काय संबंध. पुढे मुलीच्या शाळेच्या अभ्यासात वाचलं की १९२३ साली इथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद या पंजाबी माणसाला तू गोरा नाहीस, म्हणून नागरिक होऊ शकत नाहीस, असं सांगितलं होतं. आशियाई लोकांसाठी दार खऱ्या अर्थाने उघडलं ते १९६५ च्या स्थलांतर कायद्याने, आणि तो कायदा आला नागरी हक्कांच्या चळवळीच्या जोरावर, १९६४ आणि १९६५ च्या हक्कांच्या कायद्यांच्या पाठोपाठ. म्हणजे माझ्या इथल्या घरात त्या सहकाऱ्याच्या आजोबांच्या पिढीने खाल्लेल्या लाठ्यांचा वाटा आहे. आणि मी त्याला विचारत होतो की पोलिसांना का बोलावलं.

मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून जे पत्र लिहिलं त्यात त्यांची मोठी निराशा उघड द्वेष करणाऱ्यांबद्दल नाही. ती आहे मवाळ गोऱ्यांबद्दल, ज्यांना मागणी पटते पण पद्धत पटत नाही, आणि जे दुसऱ्याला थांबायला सांगतात. ते वाचताना मला माझा तो फोन आठवला.

सातरस्ता

अमेरिकेचं ठीक आहे. पण आता इथे कुणीतरी जात आणणार आणि धागा भरकटणार. वंश वेगळा, जात वेगळी.

बीडीडी_वरळी

सातरस्तासाहेब, आणतो. वेगळ्या आहेत हे मान्य. जात कातडीवर दिसत नाही, म्हणून आमच्याकडे आडनाव विचारतात. पण दुखणं ओळखायला आपल्या माणसांनी दीडशे वर्षांपूर्वी सुरुवात केली. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या, आणि ड्यू बॉइस यांचं उत्तरही आलं. १९७२ मध्ये याच मुंबईत पँथर उभी राहिली ती ओकलंडच्या ब्लॅक पँथरकडे बघून. वरच्या दादांनी किंग यांचं नाव काढलं. ते १९५९ मध्ये भारतात आले, मुंबईत मणिभवनात राहिले. केरळात एका शाळेत मुख्याध्यापकांनी मुलांना त्यांची ओळख करून दिली ती अमेरिकेतला एक अस्पृश्य म्हणून. किंग यांना आधी धक्का बसला, थोडा रागही आला. मग त्यांनी विचार केला आणि मान्य केलं की होय, मी तोच आहे. हे त्यांनी स्वतः नंतर सांगितलंय. इतक्या मोठ्या माणसालाही ऐकताक्षणी आधी टोचलंच. फरक एवढाच की ते तिथे थांबले नाहीत.

माझं सांगतो. पहिल्या नोकरीत कॅन्टीनमध्ये ‘कोट्यातला’ म्हणून बोलणं व्हायचं. वर्षभर ऐकलं. शेवटी साहेबांना सांगितलं, कारण साहेब खरोखर चांगले होते, माझं काम त्यांना आवडायचं. ते खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू लक्ष देऊ नकोस रे. तू तर त्यातला वाटतच नाहीस." कौतुकाने म्हणाले. मी थँक यू म्हणालो. घरी आलो, आईला वाटलं बढती मिळाली, कारण मी सांगितलं की साहेबांनी पाठ थोपटली. ती ज्यांतली आहे त्यांतला मी वाटत नाही, हे तिला कसं सांगणार?

अबोलीताई, रागावू नका, एक विचारतो. चंद्रकळा तुम्ही प्रेमाने नेसवलीत. पण ती तिचं पुआन, म्हणजे मिझो बायका कमरेला गुंडाळून नेसतात ते वस्त्र, नेसून आली असती तर चाललं असतं का? आणि तेव्हाही सगळ्या "छान दिसत्येस" म्हणाल्या असत्या का?

अबोली_गोरेगाव

रागावले नाही. दोन तास उत्तर सुचलं नाही. तिच्याकडे पुआन आहे हे मला माहीत आहे, रविवारी चर्चला नेसते. ते नेसून ये असं माझ्या मनातही आलं नाही. साडी नेसली की सगळ्या तिला आपल्यातली म्हणतील असं मला वाटलं होतं.

मोगरा

मी परत आले. काल हे सगळं वाचून आईशी बोलले. मी सावळी, बहीण गोरी. आमच्या स्थळांच्या फॉर्मवर आई माझ्यापुढे ‘गव्हाळ’ लिहायची, आणि मी तिला कधी काही बोलले नाही, कारण तिच्या मनात माझं भलंच होतं. फेअर अँड लव्हलीची ट्यूब ती दर महिन्याला आणायची. १९७५ पासून ते नाव घराघरांत होतं, २०२० मध्ये बदललं, पण आईच्या तोंडी अजून जुनंच आहे. काल पहिल्यांदा तिला सांगितलं की मला तेव्हा दुखायचं. ती म्हणाली, "मग मी काय वाईट आई आहे का?" आणि उठून गेली. तेव्हा मला तुझी मैत्रीण कळली. आता मलाच आईच्या मागे जाऊन तिला समजवावं लागणार.

हेतूबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेत नाही. हेतू असतोच. पण तो मध्येच पुढे केला की समोरच्याचं बोलणं तिथे संपतं, हे काल दिसलं.

ठाण्याची_वकील

कायद्याचं थोडक्यात. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत लाजपत नगरला निदो तानिया हा अरुणाचलचा विद्यार्थी मारहाणीनंतर गेला. सुरुवात झाली होती त्याच्या केसांवरून केलेल्या चेष्टेने. त्यानंतर केंद्राने बेझबरुआ समिती नेमली. त्याच वर्षी आलेल्या अहवालात वंशावरून अवमान करणं हा स्वतंत्र गुन्हा ठरवावा अशी शिफारस होती. त्या रूपात ती कायद्यात उतरली नाही. ईशान्येकडची व्यक्ती अनुसूचित जमातीची असेल तर अॅट्रॉसिटी कायदा लागू होऊ शकतो. ‘चिंकी’ या शब्दाबद्दल केंद्रीय गृहमंत्रालयाने २०१२ मध्येच राज्यांना तसं कळवलं होतं.

पण एक आग्रहाने सांगते. "मग तक्रार कर ना" हे वाक्यही आपण सुटका म्हणून वापरतो. तक्रार केली की त्याच सोसायटीत राहायचं तिला आहे, पोलिस स्टेशनच्या फेऱ्या तिला आहेत. सोबत येणार असाल तरच हा सल्ला द्या.

अबोली_गोरेगाव

सगळ्यांचे आभार. पुढे काय झालं ते सांगते.

रविवारी तिच्याकडे गेले. मी सॉरी म्हटलं, आणि त्या सॉरीचा निबंध करायचा नाही असं ठरवून गेले होते. मग फक्त विचारलं की २०२० मध्ये वाकोल्यात काय झालं होतं. ती दीड तास बोलली. दुधाच्या रांगेत लोक पाच फूट आणखी मागे सरकायचे. लॅबमध्ये नमुने घ्यायला गेली तर पेशंट दुसरी टेक्निशियन मागायचे, आणि आमचा सुपरवायझर, तिला त्रास नको म्हणून, तिला आतल्या खोलीत मशीनवर बसवायचा. तेव्हा मला वाटायचं, तिला मशीनचं काम आवडतं. मी मध्ये बोलले नाही. दोनदा तोंड उघडलं होतं, मिटलं.

भुऱ्या परत आलाय, सार्वजनिक गणपतीच्या शेडमध्ये होता. ते सांगायला काकू स्वतः माझ्याकडे आल्या. तेव्हा मी त्यांना म्हटलं की त्या दिवशी ती दुखावली, आणि मीही हसायला नको होतं. काकूंचे डोळे भरले. "मी तिला मुलीसारखी मानते, आताच्या आता जाऊन माफी मागते," म्हणाल्या. मी मैत्रिणीला फोन करून विचारलं, त्या येऊ का म्हणतायत. ती म्हणाली, "अभी नहीं, दीदी. वो रोएगी तो मुझे चाय बनानी पड़ेगी." काकूंना मी एवढंच सांगितलं की आज नको. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. डबे देणाऱ्या काकू आहेत त्या, मला ते जड जातंय, पण ते माझं मी बघेन.

एक मदत हवी आहे. तिचा अकरा महिन्यांचा करार मार्चमध्ये संपतोय. सेक्रेटरींनी पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेत ‘बाहेरील राज्यांतील भाडेकरूंना एनओसी’ असा मुद्दा घातलाय. मी विचारलं तर म्हणाले, "माझं काही नाही हो, मेंबरांची मागणी आहे." मी बोलायचं ठरवलंय. तिला विचारून घेतलं. म्हणाली, माझं नाव घेऊ नका, पण बोला.

मीरारोड_एजंट

ताई, आदर्श उपविधींप्रमाणे मेंबरने घर भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आधी कळवायचं, लिव्ह अँड लायसन्सची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची, एवढंच. तुमच्या सोसायटीने स्वीकारलेल्या उपविधींची प्रत ऑफिसातून मागून घ्या आणि ते पान उघडून सोबत न्या. मालकाला मीटिंगला यायला सांगा, न आला तर त्याच्याकडून लेखी आणा. आणि सेक्रेटरींना तिथेच विचारा, कुठल्या मेंबरांची मागणी आहे. नावं घ्यायला लावा, इतिवृत्तात लिहायला लावा.

सातरस्ता

मीटिंग कधी आहे? माझा मेहुणा तुमच्याच गल्लीत राहतो, बाजूच्या सोसायटीत कमिटीवर आहे. त्यांच्याकडेही हाच मुद्दा आलाय. त्याला हा धागा पाठवतोय.